देवराई : डोंगरातील देवाचे रान

श्रीक्षेत्र भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक स्थान होय. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातून श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीस आणि त्रिपुरी पौर्णिमेस असंख्य भाविक तेथे जातात. कारखान्याची पाळी संपवून रात्रीच निघणारे आहेत, तसेच सहकुटुंब मोटारीने जाणारेही आहेत. खेड तालुक्याच्या एका अंगास चाकणचे कारखाने व आळंदीची समाधी आहे, तर दुसऱ्या अंगास भीमाशंकरचे अरण्य आहे. राजगुरुनगर मागे पडले की चास, वाडा अशी गावे लागतात, डोंगर जवळ येऊ लागतात आणि भातखाचरांच्या कडेने रस्ता वर चढू लागतो.

या भागातील वाड्यावस्त्यांच्या आसपास मधूनच दाट झाडीचे एखादे बेट दिसते. भोवतालचे डोंगर उघडे असले तरी त्या बेटातील झाडे मात्र जुनी, उंच आणि वेलींनी गुंफलेली असतात. बहुतेक प्रवासी ते पाहून पुढे जातात. वास्तविक ते बेट म्हणजे एक देवस्थान असते. त्याला शिखर नसते, सभामंडप नसतो, देणगीची पावतीही तेथे मिळत नाही. त्यास देवराई असे म्हणतात. डोंगरातील या देवस्थानांची परंपरा काय आहे, ती का जपावयाची आणि तिला साहाय्य करावयाचे तर कोणत्या रीतीने, याचा परिचय भाविकांना व दात्यांना व्हावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

क्षेत्राचा परिचय

भीमाशंकर हे स्थान सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर आहे. त्रिपुरासुराशी युद्ध करून भगवान शंकर येथे विसावले आणि त्यांच्या अंगावरील घामाच्या धारांतून भीमा नदी प्रकट झाली, अशी आख्यायिका सांगितली जाते. मंदिराचा गाभारा प्राचीन धाटणीचा असून शिखराचे काम पेशवाईत नाना फडणवीसांनी करविले. १७३९ साली वसईच्या मोहिमेत मिळालेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक घंटा चिमाजीअप्पांनी येथे अर्पण केली, ती आजही भाविकांना दाखविली जाते. मंदिराच्या परिसरात देवी कमळजेचे स्थान आहे.

हे सारे क्षेत्र अरण्याने वेढलेले आहे. १९८५ साली येथे वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे तांबूस रंगाची मोठी खार, येथील झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधून राहतो. पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीमुळे काही रात्री येथील रान मंद प्रकाशाने उजळते. जाणकारांच्या मते या अरण्यातील पुष्कळशा देवराया अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनीच राखलेल्या आहेत.

डोंगरात राहणारा समाज

खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिम भागात मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. त्यांच्या बरोबरीने ठाकर व कातकरी ही मंडळीही डोंगराच्या आधाराने राहतात. महादेव कोळी समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश होतो. नावात कोळी असले तरी हा समाज समुद्रकाठचा नव्हे. तो डोंगराळ भागात शेती करणारा आहे. इंग्रजी सत्तेविरुद्ध लढा देणारे आणि २ मे १८४८ रोजी ठाणे येथे फाशी गेलेले क्रांतिवीर राघोजी भांगरे याच समाजातील होत.

खाचरात भात, उतारावर नाचणी व वरई, दारात गुरे आणि रानात हिरडा, असा येथील संसार असतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीस कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, गोळा करून सुकविला जातो. औषधासाठी त्यास मागणी असते आणि अनेक घरांचे रोख उत्पन्न त्यावर अवलंबून असते. अर्थात रान राहिले तर हिरडा राहील आणि हिरडा राहिला तर घर चालेल, हा हिशेब येथील लहान मुलासही ठाऊक असतो. या लोकांच्या देवधर्मात रानाला जे स्थान आहे, त्याचे मूळ या जगण्यात आहे.

वर्षभराचे नेम

डोंगरातील धर्माचार शेतीच्या व पावसाच्या क्रमाने चालतात. उन्हाळ्यात राब भाजून जमीन तयार केली जाते. पाऊस सुरू होऊन भाताची रोपे वर आली की आवणीपूर्वी शेताच्या व शिवाराच्या देवांना मान दिला जातो. काही ठिकाणी नारळ फोडतात, तर काही ठिकाणी कोंबडे वा बकरे देण्याची प्रथा आहे. शहरातील भाविकास ही प्रथा वेगळी वाटण्याचा संभव आहे, परंतु त्या नैवेद्याचा वाटा गावातील प्रत्येक घरी जातो. गावाचे ऐक्य त्यातून दृढ होते, हे ध्यानी घ्यावे.

पीक तयार झाले की नवे धान्य प्रथम देवास अर्पण करावयाचे आणि मगच घरात शिजवावयाचे, असा नेम आहे. धान्य हीच देवी, या भावनेतून कणसरीची पूजा केली जाते. खळ्यावरील धान्याच्या राशीस पाय लागू द्यावयाचा नाही, हा संस्कार मुलांना लहानपणीच मिळतो. शिमगा आणि गावदेवाची जत्रा या प्रसंगी मुंबई-पुण्यास वा चाकणच्या कारखान्यांत नोकरीस गेलेली मुले आवर्जून गावी येतात. यांतील कित्येक मंडळी आपल्या औद्योगिक पट्ट्यातच राहतात, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो.

वाघबारस

दिवाळीच्या प्रारंभी, आश्विन वद्य द्वादशीस, आपण वसुबारस साजरी करतो व गाय-वासराची पूजा करतो. डोंगरात हाच दिवस वाघबारस म्हणून पाळला जातो. गुराखी व गावकरी एकत्र जमतात, दूध-तांदळाची खीर करतात आणि वाघोबाच्या ठाण्यावर नैवेद्य दाखवितात. आमच्या गुरावासरांना सांभाळ, आम्ही तुझ्या वाटेत येणार नाही, तूही आमच्या वाटेत येऊ नकोस, असा या प्रार्थनेचा आशय असतो. शेंदूर लावलेला साधा दगड, क्वचित वाघाची आकृती कोरलेला, हेच वाघोबाचे ठाणे होय.

जो प्राणी गुरे मारतो त्यालाच देव मानणे हे शहरी मनास नवलाचे वाटेल. पण जेथे माणूस आणि वाघ-बिबट्या एकाच रानात राहतात, तेथे केवळ भीती बाळगून किंवा केवळ शस्त्र हाती धरून जगता येत नाही. मर्यादा ठरवावी लागते. वाघबारस हा त्या मर्यादेचा दरवर्षी केला जाणारा उच्चार आहे. आता हा प्रश्न डोंगरापुरता राहिलेला नाही. उसाच्या शेतांच्या आश्रयाने बिबटे जुन्नर-आंबेगाव-खेडच्या सखल भागात स्थिरावले आहेत. २०२४ च्या मार्च महिन्यात चाकण परिसरातील एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला होता व त्यास सुखरूप पकडण्यात आले. बिबट्याच्या हल्ल्यात ज्या घराने माणूस गमावला, त्या घराचे दुःख पूजेने हलके होत नाही, हे खरेच. तथापि वन्य प्राण्याच्या वाट्याचे रान त्याच्याकडे राहू द्यावे, ही वाघोबाच्या पूजेतील शिकवण त्यामुळे खोटी ठरत नाही.

देवराई म्हणजे काय

देवराई म्हणजे देवाच्या नावे राखलेले रान. ती कोठे चार-सहा झाडांची असते, तर कोठे अनेक एकर पसरलेली असते. आत भैरवनाथ, वाघजाई, काळकाई किंवा गावाची आणखी एखादी देवता असते. मूर्ती बहुधा घडविलेली नसते. शेंदूर फासलेला नैसर्गिक दगड, ज्यास तांदळा म्हणतात, तोच देव. काही ठिकाणी जुने वीरगळही आढळतात. पुष्कळ ठिकाणी देवाच्या डोक्यावर छप्पर नसते. झाडांची सावली हाच देवाचा मंडप, अशी समजूत असते. देवाला छप्पर केलेले चालत नाही, असे काही गावांतील वृद्ध सांगतात.

राईचे नेम गावागावांत भिन्न आहेत, परंतु त्यांचा गाभा एकच. राईत कुऱ्हाड चालवावयाची नाही. पडलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही. काही ठिकाणी पायांत वहाणा घालून आत जाता येत नाही. एखाद्या सार्वजनिक कामास लाकडाची निकड भासली तर देवास कौल लावतात आणि कौल मिळाला तरच, तेवढ्यापुरतेच, लाकूड घेतात. नेम मोडल्यास देवाचा कोप होतो अशी श्रद्धा आहे. या नेमांची पोथी नाही, शिलालेख नाही. आजीने नातवास सांगितले एवढाच त्यांचा आधार, आणि त्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत.

भीमाशंकरच्या उत्तरेस, आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या उगमाजवळ आहुपे हे गाव आहे. तेथील भैरवनाथाची देवराई प्रसिद्ध आहे. हिरडा, जांभूळ, आंबा असे जुने वृक्ष आणि त्यांवर चढलेले गारंबीचे अजस्र वेल तेथे पाहावयास मिळतात. पवना खोऱ्याच्या परिसरातील अजिवली येथे वाघजाईची देवराई असून तेथे भेरली माडाची झाडे आहेत. या माडांपासून मिळणाऱ्या माडीचा उपयोग गावकरी ठरलेल्या शिस्तीने करीत आले आहेत. यावरून असे दिसते की देवराई म्हणजे केवळ मनाई नव्हे. काय घ्यावे, किती घ्यावे आणि कोणाच्या संमतीने घ्यावे, याची ती एक व्यवस्था आहे.

अभ्यासकांनी काय पाहिले

या परंपरेकडे विद्वानांचे लक्ष गेले त्यास आता बराच काळ लोटला आहे. थोर इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील डोंगर पायी हिंडून तेथील मातृदेवतांच्या ठाण्यांचा अभ्यास केला. त्यांचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. देवरायांचे मूळ स्थिर शेतीच्याही पूर्वीच्या, शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या समाजापर्यंत जात असावे, असा विचार त्यांच्या अभ्यासातून पुढे आला.

त्यानंतर १९७० च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवराया पायी फिरून नोंदविल्या. १९८१ साली त्यांनी महाराष्ट्रातील २३३ देवरायांची सूची प्रसिद्ध केली. पुढे इतर अभ्यासकांनी आणखी कितीतरी देवरायांची भर या यादीत घातली. इतरत्र नष्ट झालेल्या वनस्पती राईत शिल्लक राहिल्याचे या अभ्यासांतून निदर्शनास आले.

याच काळातील एक उदाहरण मननीय आहे. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची राई तोडली जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा ती तोडू नये अशी विनंती गावकऱ्यांनीच केली. राईतून निघणारा ओढा हाच आपल्या गावाच्या पाण्याचा आधार आहे, असे त्यांचे सांगणे होते. देवाचा कोप आणि ओढ्याचे पाणी या त्यांच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या.

देवाचे रान आणि आपल्या घरातील पाणी

हे पाणी कोणाचे, याचाही विचार करावा. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस जुन्या झाडांच्या मुळांशी, पालापाचोळ्यात व मऊ मातीत मुरतो आणि हळूहळू झऱ्यांवाटे बाहेर येतो. झाडी गेली की तेच पाणी माती घेऊन एकदम वाहून जाते. भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि राजगुरुनगरजवळ चासकमान धरणात साठते. भामा नदीवर भामा आसखेड धरण आहे. घोड नदीवर डिंभे धरण आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचविले जाते.

ही सर्व धरणे एकट्या देवरायांमुळे भरतात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. देवराया आकाराने लहान आहेत. परंतु वाडीचा झरा उन्हाळ्यात टिकतो तो बहुधा अशाच झाडीच्या आधाराने. धरण बांधताना डोंगरातील गावांनी आपली घरे व शेते दिली आहेत. त्यांच्या वाट्यास उरलेला झरा तरी आटू नये, एवढी काळजी खालच्या बाजूस राहणाऱ्यांनी अवश्य घ्यावी.

जीर्णोद्धार : एक नाजूक विषय

देणगी देण्यास इच्छुक असलेले भाविक कार्यालयात चौकशी करतात, की डोंगरातील एखाद्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा आहे, तर काय करावे? हेतू उत्तम असतो. कोणास आपल्या गावच्या देवाचे ऋण फेडावयाचे असते, कोणाचा नवस पूर्ण झालेला असतो. मात्र देवराईच्या बाबतीत घाई केली तर पुण्यकर्मातून हानी होण्याचा संभव असतो, हे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

सह्याद्रीत अनेक ठिकाणी असे घडलेले आहे. उघड्यावरील तांदळ्याच्या जागी सिमेंटचे देऊळ उभे राहते. साहित्य आणण्यासाठी राईतून गाडीरस्ता काढला जातो. मग सभामंडप, फरसबंदी, वाहनतळ अशी एकेक भर पडते. प्रत्येक वेळी थोडी झाडे जातात, आणि काही ठिकाणी तर बांधकामाचा खर्च भागविण्यासाठी राईतीलच वृक्ष विकले गेले आहेत. शेवटी देऊळ नवे होते, परंतु राई उरत नाही. एकदा कौल न लावता झाड तुटले आणि काही झाले नाही असे दिसले, की पिढ्यांचा नेमही सैल होतो.

याचा अर्थ डोंगरातील लोकांनी पक्के देऊळ बांधूच नये, असा मुळीच नाही. धो धो पावसात पूजेला उभे राहण्यास आडोसा असावा, जत्रेस आलेल्या लेकीसुनांची सोय व्हावी, आपले देऊळही शेजारच्या गावासारखे असावे, या इच्छा रास्त आहेत. शहरात सर्व सुखसोयी भोगणाऱ्यांनी त्यांना साधेपणाचा उपदेश करणे शोभत नाही. निर्णय गावाचाच असला पाहिजे. परंतु निर्णयात आपल्या देणगीचे वजन पडते. पैसा कशासाठी दिला, त्यावर काय बांधले जाईल हे ठरते. म्हणूनच देणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे.

देणगीच्या पूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात, अशी विनंती आहे.

१. प्रथम गावातील वृद्ध मंडळी, पुजारी वा भगत आणि ग्रामसभा यांचे म्हणणे ऐकावे. देवास छप्पर चालते की नाही, हे विचारावे. नवसाचा देव आपला असला तरी नेम गावाचा आहे.

२. सभामंडप, धर्मशाळा वा स्वयंपाकाची जागा आवश्यक असेल, तर ती राईबाहेर, वस्तीलगत बांधता येते का, ते पाहावे.

३. जमीन कोणाची आहे, याची खात्री करावी. काही राया वन विभागाच्या, काही महसूल खात्याच्या, तर काही देवस्थानच्या नावे असतात. अभयारण्यात व वनजमिनीवर परवानगीविना बांधकाम करता येत नाही.

४. झऱ्याची दुरुस्ती, पाण्याची टाकी, राईभोवती दगडी गडगा, स्थानिक वृक्षांची रोपे, जत्रेतील अन्नदान किंवा गावातील मुलांचे शिक्षण, यांसाठी दिलेले दानही देवास पोहोचतेच.

५. दात्याच्या नावाची फरशी बसवावयाची असल्यास ती झाडावर वा तांदळ्याजवळ लावण्याचा आग्रह धरू नये.

कायद्याच्या अंगानेही या विषयाकडे आता लक्ष दिले जात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस आपल्या पारंपरिक वनाचे रक्षण करण्याचा अधिकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील देववनांसंबंधी निकाल देताना, देशभरातील अशा वनांच्या रक्षणासाठी केंद्र शासनाने व्यापक धोरण आखावे, असे सुचविले. तथापि कायदा हा कुंपणाप्रमाणे असतो. आतील रान राखण्याचे काम श्रद्धेनेच करावे लागते.

भाविकांस नम्र सूचना

भीमाशंकर वा डोंगरातील अन्य देवस्थानी जाताना प्रवासापूर्वी मंदिर व्यवस्थापनाच्या आणि वन विभागाच्या प्रचलित सूचना जाणून घ्याव्यात. देवराईत जाण्यापूर्वी गावात विचारावे, शक्य तर गावातील माणूस बरोबर घ्यावा. पादत्राणे बाहेर ठेवण्याची रीत असल्यास ती पाळावी. आतील फूल, फळ, लाकूड वा दगड प्रसाद म्हणूनही बरोबर आणू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाची वेष्टने व उदबत्तीचे पुडे परत आणावेत. कोरड्या दिवसांत कापूर, पणती लावताना वणव्याची काळजी घ्यावी. ध्वनिक्षेपक लावू नये. पूजा चालू असताना तेथील लोकांची छायाचित्रे त्यांच्या संमतीविना घेऊ नयेत. दर्शनास आलेला मनुष्य हा त्या गावाचा पाहुणा आहे, ही भावना असावी.

संत तुकाराम महाराजांनी भंडारा व भामचंद्र या डोंगरांवर एकांतात चिंतन केले, ही आपल्या परिसराची पुण्याई आहे. त्या एकांतासाठी त्यांना डोंगर पुरेसा होता. भीमाशंकरच्या वाटेवरील डोंगरात राहणाऱ्या समाजाने तोच एकांत देवाच्या नावे झाडांसह राखून ठेवला आहे. पुढील खेपेस भीमाशंकरास जाल तेव्हा वाटेतील त्या दाट झाडीच्या बेटाकडे पाहून हात जोडावेत. आत जाण्याची रीत नसेल तर बाहेरूनच नमस्कार करावा. तेथे काही बांधले नाही, तरी जे उभे आहे ते पुढील पिढीस तसेच उभे दिसेल, एवढे पाहणे ही मोठीच सेवा होय.